फॉरवर्ड, वाद आणि दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी मोर्चातल्या मारहाणीचा फोटो 'कालचीच घटना' म्हणून टाकला. मला तो जुना वाटतो. खात्री कशी करावी आणि काकांना सांगावं कसं?

आधी फोटोवर चिकटवलेला मजकूर आणि लाल गोल कापून टाका, कारण त्यामुळे शोध भरकटतो. उरलेला फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरूनच शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत टाका, मग टिनआय या तशाच शोधाच्या संकेतस्थळावर. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात आणि आपल्याला तेच हवं असतं. तोच फोटो तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला, की प्रश्न मिटला. सापडला नाही म्हणून मात्र तो कालचा ठरत नाही. गॅलरीत दिसणाऱ्या तारखेवरही जाऊ नका. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखं पाठवलं की काढल्याची मूळ नोंद पुसली जाते. दिसते ती बहुधा तुमच्या फोनमध्ये उतरल्याची तारीख. व्हिडिओ असेल तर पाटी, गणवेश किंवा इमारत स्पष्ट दिसते तिथे थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या आणि ते शोधा. दृश्य खरं आणि आवाज दुसराच, असंही करतात. ते या शोधात सापडत नाही.

काकांना सांगायचं ते ग्रुपवर नाही, खाजगीत. 'काका, हा फोटो तीन वर्षांपूर्वीच्या बातमीतला आहे, लिंक पाठवतोय. ग्रुपवर तुम्हीच टाकाल का?' चारचौघांत चूक दाखवली की माणूस फोटो सोडून स्वतःची बाजू सांभाळायला लागतो. तासा-दोन तासांत काही झालं नाही, तर मात्र ग्रुपवर लिहा, कारण तोवर फोटो पुढे जात असतो. सुरुवात खऱ्या माहितीने करा: 'हा फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे.' खोटा दावा मथळ्यासारखा पुन्हा लिहू नका. तेच ते वाक्य वारंवार कानावर पडलं की खरं वाटू लागतं, हे १९७७ सालापासून प्रयोगांत दिसत आलं आहे.

प्रश्न: धाकट्या भावाची आणि माझी राजकीय मतं अगदी उलट आहेत. प्रत्येक चर्चेचं भांडण होतं. विषयच बंद करावा का?

बंद करू नका, लहान करा. 'कर वाढला' हा दावा आहे, आकडा काढून तपासता येतो. 'कर वाढवायला नको होता' हे मत आहे. तिथे कारणं विचारायची. मताला आकडा फेकून मारला की भांडण पेटतं. उत्तराआधी 'तुझं म्हणणं असं ना, की...' असं त्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडा. तो 'हो' म्हणाला, की पुढे बोला. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द टाळाच, कारण समोर पक्ष नाही, भाऊ आहे. 'मग तेव्हा कुठे होतात?' असं आलं, तर 'त्यावरही बोलू, आधी हे संपवू' एवढंच म्हणा. टाइप करत तीन फेऱ्या झाल्या आणि सूर चढला, तर फोन करा.

प्रश्न: चुकीचा मेसेज मी चार ग्रुपवर पाठवला. डिलीट केला की पुरे ना?

नाही. व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसच चालतं आणि इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. चारही ग्रुपवर दुरुस्ती टाका: कोणता मेसेज, त्यात काय चूक, खरी माहिती काय, लिंक, आणि 'पुढे पाठवला असेल तर हेही पाठवा'. सबबी नकोत.

पुढच्या वेळी मेसेजवर दोन बाणांची खूण आहे का, ते पाहा. असा मेसेज मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच टप्पे फिरून आलेला असतो, म्हणून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कॉपी-पेस्ट केलं की खूण जाते, तेव्हा खूण नसलेला मजकूरही ताजा समजू नका. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या बातम्यांचा अभ्यास २०१८ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. त्यात खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा वेगाने पसरल्या, राजकीय तर सर्वाधिक, आणि त्याला कारण आपोआप पोस्ट करणारी यंत्रं (बॉट) नव्हती, माणसं होती. म्हणून मेसेज वाचून संताप आला, की तपासणी आधी त्याचीच करा.