लेपर्ड गेकोच्या (ठिपकेदार पाळीव पालीच्या) पिल्लाचे मागचे पाय जन्मतः वाकडे आहेत, पिल्लू काही खातही नाही, काय करू?

पहिल्यांदा एक करा: पाय सरळ करायला पट्टी, काडी काही बांधू नका. हाडं फार कोवळी असतात, मोडतील.

पिल्लू खात नाही म्हणून घाबरलाय, पण पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार दिवस, ते पोटातल्या बलकावरच जगतं. नंतर डोक्याहून लहान रातकिडे द्या, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी३ ची पूड लावून. पाय अधू असल्यामुळे त्याला पाठलाग जमणार नाही. चिमट्याने तोंडासमोर धरा. उरलेले किडे लगेच काढा, रात्री तेच पिल्लाला चावतात.

वाळू नको, खाली टिश्यू पेपर. पाण्याला बाटलीचं झाकण पुरे. एका बाजूला थर्मोस्टॅट (ऊब ठरावीक ठेवणारं यंत्र) लावून ३१-३२ अंश ऊब द्या. थंडीत आपल्या कोल्हापुरात पहाटे पारा बराच उतरतो, तेव्हा हे टाळू नका. पिल्लाला आत शिरता येईल अशी एक ओलसर डबीही ठेवा, नाहीतर वाकड्या बोटांवर कात अडकून बोटं झडतात.

जन्मजात वाकडेपणा बहुधा जात नाही, पण खाऊन वजन वाढत असेल तर पिल्लू जगू शकतं. पाय नंतर जास्त वाकले किंवा थरथरले, तर कॅल्शियमची कमतरता समजा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर गाठा. गावात नाही मिळाला तर पुणं.