सायकल घेऊन दिलीय तरी पोरगा शाळेला सोडायला चला म्हणतो, काय करू?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, चांगली सायकल घेऊन दिलीय, शाळा काय लांब नाही, तरी रोज सोडायला चला म्हणतो, नाहीतर स्कूटी द्या म्हणतो." आणि पुढचं वाक्य ठरलेलं, आजकालची पोरंच आळशी, सगळं त्या मोबाईलमुळं. मला हे आळशीपणाचं कारण बऱ्याचदा पटत नाही, म्हणून एका घरातलं सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

साताऱ्यातलंच कुटुंब, राहायला समर्थ मंदिराच्या बाजूला, मुलगा नववीत, शाळा खाली पोवई नाक्याच्या अंगाला, म्हणजे दोन-अडीच किलोमीटर. सातवीपर्यंत हाच मुलगा सायकलवरून उतरत नव्हता आणि आठवीच्या मध्यावर एकदम बंद. वडील आल्याआल्या म्हणाले आम्ही पाच-पाच किलोमीटर चालत शाळेला जायचो, आणि ते ऐकून मुलानं मान जी खाली घातली ती वर काढलीच नाही.

आईवडिलांना बाहेर बसवलं आणि त्याला एक कागद दिला, म्हणलं घर ते शाळा रस्ता काढ आणि कुठं काय होतं तेवढं लिही. मी हे बऱ्याच मुलांना करायला लावते कारण "का जात नाहीस" विचारलं की मुलं गप्प होतात पण रस्ता विचारला की बोलतात. त्यानं मोती चौक काढला, राजवाडा काढला, सकाळची बाजू सगळी उताराची, तिथं काहीच लिहिलं नाही. परतीला मात्र राजवाड्यापासून वर पेन्सिल दाबून दाबून गिरवली. तिथं त्याला खाली उतरून सायकल ढकलावी लागते, आणि नेमकी तेव्हाच वर्गातली दोन-तीन पोरं ॲक्टिव्हावरून जातात आणि ओरडतात, "पेट्रोल संपलं का रे?" एवढंच. रोज नाही, कधीतरी. पण चौदाव्या वर्षी कधीतरी पण पुरतं, हे आपण मोठी माणसं विसरतो.

पुढच्या वेळी सायकल आणि दप्तर दोन्ही घेऊन या म्हणलं. दप्तर वडिलांनी घरीच वजन करून आणलं, साडेआठ किलो, कारण शाळेतून तो परस्पर सदर बाजारात क्लासला जायचा, तिथल्या वह्या-पुस्तकं पण त्यातच. केंद्र सरकारचं 2020 चं दप्तराबद्दलचं धोरण सांगतं की दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे या 46 किलोच्या मुलाला साडेचार किलो. आणि सायकल! सीट सहावीत घेतली तेव्हा होती तितकीच खाली, बोल्ट गंजलेला, चेन कोरडी ठणठणीत. मुलगा मधल्या काळात वीतभर वाढलाय, गुडघे हँडलला लागतात. सीट खाली असली की पाय पूर्ण सरळ होत नाही, पायडलवर जोर येत नाही आणि चढाला मांड्या भरून येतात. त्याला वाटत होतं आपल्यातच दम नाही. सायकल रोज पार्किंगमध्ये सगळ्यांच्या डोळ्यासमोर उभी होती पण सीटकडं कुणी बघितलंच नव्हतं.

आता आईचं. त्या एकट्या बोलायला बसल्या तेव्हा म्हणाल्या, खरं सांगू का मॅडम, तो सायकल घेऊन गेला की पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणजे एकीकडं "सायकलनं जा" आणि दारातून निघताना "एसटी आली की थांब हां, आभाळ आलंय, पप्पांना सोडायला सांगू का?" मुलं यातलं दुसरं वाक्य धरतात. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, रस्त्यावर गाड्या वाढल्यात, पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर, म्हणजे गाड्यांना खालून जायचा रस्ता, झाला तरी शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर जी झुंबड असते ती असतेच, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या मुलांना न्यायला आलेल्या पालकांच्याच असतात हे एकदा उभं राहून बघा.

न्यूझीलंडमधलं ड्युनेडिन हे आपल्या साताऱ्यासारखंच चढउताराचं गाव, तिथं हायस्कूलच्या मुलांवर यावरच मोठा अभ्यास झालाय. त्यात दिसलं की अंतर महत्त्वाचं आहेच, साधारण सव्वादोन किलोमीटरपर्यंत चालणं आणि चारपर्यंत सायकल जमण्यासारखी धरली होती, पण सायकलपेक्षा चालायला मुलं जास्त तयार असतात, कारण त्याला मित्रांचा आणि घरच्यांचा पाठिंबा जास्त मिळतो आणि ते जास्त सुरक्षित वाटतं. मला हे फार कामाचं वाटतं. आपण सायकलवरच अडून बसतो, चालणं हा पर्याय घरात कुणी काढतच नाही. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगते, भरभर चालत गेलं-आलं तरी त्यातला बराच वाटा निघतो.

स्कूटीचं मात्र मी स्पष्ट सांगितलं, आणि सगळ्यांनाच सांगते. 16 व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटी 100-125 सीसीच्या, त्यांना 18 पूर्ण पाहिजेत. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. वडिलांना यातलं शेवटचं माहीतच नव्हतं.

मग काय केलं? सीट वर केली, चेनला तेल दिलं, दोनशे रुपयांच्या आत काम झालं. क्लासची पुस्तकं क्लासच्याच कपाटात ठेवायची सरांनी परवानगी दिली. गल्लीतली दोन मुलं त्याच शाळेत आहेत, त्यांच्याबरोबर सकाळी चालत जायचं, येताना तिघं गप्पा मारत खालच्या रोडनं येतात, चढ लागला तरी तिघं असल्यावर कुणाला काही वाटत नाही. एका रविवारी वडील स्वतः त्याच्याबरोबर सायकलवर सगळा रस्ता जाऊन आले, आणि त्या चढाला त्यांनाही उतरावं लागलं, तेव्हापासून पाच किलोमीटरची गोष्ट घरात निघालेली नाही. सायकल आता क्लास नसेल त्या दिवशी आणि शनिवारी. आईनं दारातल्या सूचना बंद केल्यात, पोचल्यावर एक मिस कॉल एवढंच ठरलंय. पावसाळ्याचं अजून ठरत नाहीये, साताऱ्याच्या पावसात रेनकोट घालून चालायला तो तयार आहे पण आई रिक्षा लावायची म्हणतायत, त्यावर पुढच्या आठवड्यात मुलगा आणि आईवडील येणार आहेत.