राजीनामा खिशात ठेवा, ठेवीचे नंतर पाहू

प्रश्न : मी कराड तालुक्यातील निवृत्त मुख्याध्यापक आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या २७ वर्षांच्या अविवाहित मुलाला गेल्या महिन्यात हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), दुसरा टप्पा, असे निदान झाले. रुग्णालयाने केमोथेरपीच्या चार आवर्तनांसह सात लाखांचा अंदाज दिला असून पहिली केमो पुढच्या गुरुवारी आहे. माझी १८ लाखांची मुदत ठेव मोडावी, की पाच गुंठे जागा विकावी? बँकेतील साहेब म्हणतात, ठेव मोडलीच तर उरलेल्या रकमेतून खात्रीशीर परताव्याची विमा योजना घ्या. वर्षाला ३ लाख सहा वर्षे भरले की बाराव्या वर्षी २८ लाख मिळतील. नोकरीला चार वर्षे चार महिने झालेला, २६ हजार मूळ वेतन असलेला मुलगा सोमवारी राजीनामा देऊन गावी येणार आहे, तोवर कंपनीचा पाच लाखांचा विमा वापरू. गेल्या वर्षी पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही त्यातूनच झाली. ओळखीचे एजंट मुलाला २५ लाखांची आरोग्य पॉलिसी काढून देतो म्हणतात, फक्त अर्जात आजार लिहू नका असे त्यांचे सांगणे आहे. मुलाच्या नावावरची ६ लाखांची जुनी एंडोमेंट (बचत आणि आयुर्विमा एकत्र असलेली) पॉलिसीही मोडतो. तो कोणाशी बोलत नाही. आता पैसा ठेवून तरी काय करायचे?

उत्तर : सर, आपण ठेव आणि जागा यांविषयी विचारले आहे, परंतु आपल्या पत्रातील सर्वांत महागडे वाक्य राजीनाम्याचे आहे आणि ते आपण जाता जाता लिहून गेला आहात. ठेव मोडण्यातली चूक काही हजारांची असेल. सोमवारी तो कागद कंपनीत पोहोचला तर होणारे नुकसान पुढे पैसे ओतूनही भरून निघणार नाही.

कंपनीच्या सामूहिक विम्यात आधीपासूनचे आजारही सहसा पहिल्या दिवसापासून धरले जातात. हे संरक्षण मात्र नोकरीला बांधलेले असते आणि बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशी संपते. चार आवर्तने म्हणजे दर पंधरवड्याला एक अशा आठ बैठका, म्हणजे सुमारे चार महिने. राजीनाम्याची मुदत दोन महिन्यांची धरली तरी निम्मे उपचार विम्याबाहेर जातात. बाहेर पडल्यावर नवी आरोग्य पॉलिसी घ्यायला गेलात तर बहुतेक कंपन्या आज त्याला नाकारतील, आणि एखादीने स्वीकारले तरी या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकेल. आजार उलटला, तर मूळपेशी प्रत्यारोपण आणि नवी औषधे यांचा खर्च आजच्या अंदाजाच्या कित्येक पट होतो, आणि त्या दिवसासाठीच ही नोकरी धरून ठेवायची आहे. शिवाय त्याच विम्यात आपण दोघेही आहात, याचा विचार पत्रात कोठेही दिसत नाही.

आता पगाराचा हिशेब. ६० हजार दरमहा धरले तर नोकरी सोडल्याने सहा महिन्यांचे ३ लाख ६० हजार बुडतात. आपण कळवल्याप्रमाणे त्याची नोकरी चार वर्षे चार महिने झाली आहे आणि मूळ वेतन २६ हजार आहे. पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटीपोटी वर्षाला १५ हजारांप्रमाणे ७५ हजार मिळतील, तेही आजच्या घाईत जातील. आजारपणाच्या रजेने सेवेत खंड पडत नाही. म्हणून त्याने आजारपणाची रजा, घरून काम आणि अगदीच गरज पडली तर बिनपगारी रजा, या क्रमाने मागावे. बिनपगारी रजेत विमा चालू राहतो का, याचे उत्तर मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर घ्यावे, तोंडी आश्वासनावर राहू नये. पाच लाखांपलीकडे कंपनीने राखीव निधी ठेवला आहे का आणि पुढे कधी नोकरी सुटलीच तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे. केमोसाठी रात्रभर दाखल व्हावे लागत नाही आणि विम्यात ती ‘डे-केअर’, म्हणजे एका दिवसात होणाऱ्या, उपचारांत बसते. बायोप्सी आणि पेट स्कॅन (कर्करोग शरीरात कोठे आहे हे दाखवणारी तपासणी) यांची बिले मात्र जपून ठेवा, कारण दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांचा, बहुधा तीस दिवसांचा, खर्चही मागता येतो.

एजंट महाशयांविषयी सौम्य शब्द सुचत नाहीत. बायोप्सीच्या अहवालावर तारीख छापलेली असते. आजार जाणूनबुजून लपवून घेतलेली पॉलिसी ही फसवणूक ठरते, आणि पाच वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही हा नियम सिद्ध झालेल्या फसवणुकीला लागू नाही. दावा नाकारला जाईल, हप्ते बुडतील, आणि कमिशन तेवढे या गृहस्थांच्या खिशात राहील.

बँकेतील साहेबांची योजनाही पाहू. भरलेले १८ लाख बाराव्या वर्षी २८ लाख होणे म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेपाच टक्के, आणि तेही पैसे अडकवून. आपली ठेव आज सात टक्के देत आहे. घरात केमो सुरू होत असताना हे विकणाऱ्याला खुर्ची देऊन चहा पाजण्याचे कारण नाही.

एंडोमेंट पॉलिसी एरवी मी डोळे मिटून बंद करायला सांगितली असती. आज तसे म्हणणार नाही, कारण त्याला नवा आयुर्विमा निदान काही वर्षे तरी मिळणे कठीण आहे आणि हातात असलेले ६ लाखांचे संरक्षण हेच काय ते आहे. हप्ता भरत राहा.

आता आपला मूळ प्रश्न. सात लाखांतले पाच विमा देईल. उरलेले दोन आणि प्रवास, आहार, औषधे यांसाठी एक, असे तीन लाख लागतील. अख्खी ठेव मोडल्यास व्याजात एक टक्का कपात धरली तरी वर्षाला १८ हजार जातात. तीच ठेव तारण ठेवून तीन लाखांची उचल घेतली, तर ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज, म्हणजे वर्षाला तीन ते सहा हजार. उचलच घ्या. पाच गुंठ्यांना गिऱ्हाईक मिळून खरेदीखत होईपर्यंत उपचार संपलेले असतील, तेव्हा जागेचा विषय मिटवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आपले रुग्णालय तिच्या यादीत आहे का, हे आजच विचारून ठेवावे. केमोसाठी रेल्वेने जाणार असाल, तर कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

आणि ‘पैसा ठेवून काय करायचे’? सर, हे वाक्य मुलाच्या कानावर पडले असेल तर तो गप्प का, हे मला विचारू नका. हॉजकिन लिम्फोमा हा सर्वांत जास्त बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि दुसऱ्या टप्प्यात बहुतेक रुग्ण पहिल्याच उपचाराने बरे होतात. एबीव्हीडी ही त्यावरची चार औषधांची केमो पद्धत १९७०च्या दशकात मिलानमध्ये रुजली आणि आजही जगभर वापरली जाते. दोन आवर्तनांनंतरचा पेट स्कॅन पुढची दिशा ठरवेल. म्हणजे हिशेब चार महिन्यांचा नाही, त्याच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या कमाईचा आहे. तो उद्या लग्न करेल हे गृहीत धरून गुरुवारच्या आधी डॉक्टरांना वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारा. या औषधांनी वंध्यत्वाचा धोका तुलनेने कमी असला, तरी वेळ पहिल्या केमोआधीचीच असते, आणि खर्च विम्यात बहुधा बसत नाही. बाप म्हणून हा विषय काढायला अवघड जात असेल, तर डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याने बोलू द्या.

आधार मागायचा, तर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकापासून सुरुवात करा. बरे झालेल्या रुग्णाशी बोलायला मिळाले, तर नातेवाइकांच्या पन्नास फोनांनी होणार नाही ते होईल. मुंबईची व्ही केअर फाउंडेशन हे काम १९९४ पासून करत आहे. घरात फोन घेण्याचे काम एका काकाकडे आणि बिलांची फाइल आपल्याकडे ठेवा. मुख्याध्यापकाची शिस्त तिथे कामी येईल.

सोमवारी तो कार्यालयात गेलाच, तर हातात राजीनामा नव्हे, रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचे पत्र असावे.