वाचकांचे प्रश्न : सहा भागांत उरकलेलं राज्य

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये, ऐन पेट्या भरायच्या दिवसांत, मी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या सिंहासनासाठीच्या झुंजीच्या मालिकेचा आठवा, म्हणजे शेवटचा सीझन पाहिला. अमेरिकेत रविवारी रात्री लागायचा तो भाग आपल्याकडे हॉटस्टारवर सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा. घरात रेंज नाही, म्हणून सड्यावर जाऊन गडग्यावर बसायचं आणि मोबाइलवर बघायचं. खाली गडी आंबे उतरवायला लागलेले असायचे. सासरे विचारायचे, “ता सिंहासन तुका गावतला काय गो?” शेवटच्या सोमवारी, २० मेला, मी खाली आले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. तीन दिवसांवर लोकसभेचा निकाल, सगळ्या गावाला दिल्लीच्या खुर्चीची पडलेली, आणि माझं आपलं एकच : तो पांगळा पोरगा ब्रॅन राजा झालाच कसा? आता भाचा मेच्या सुट्टीत येतोय आणि त्याला ही मालिका पहिल्यापासून माझ्यासोबत बघायची आहे. सहाव्या सीझनला थांब म्हणून सांगू का? आणि इतक्या वर्षांनीही माझा राग जात नाही, हा वेडेपणा आहे का?
— एक बागायतदारीण, देवगड

उत्तर : ताई, आधी एक करा. हा अंक भाच्याच्या हाती लागू देऊ नका. पुढे सगळंच उघड लिहिलंय.

राग वेडेपणाचा असेल तर वेड्यांची संख्या बरीच मोठी आहे. सीझन पुन्हा, आणि जरा बऱ्या लेखकांकडून करून घ्या, अशा ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. मी केली नाही. झालेला खेळ पुन्हा लावा म्हणणं मला पटत नाही. पण याच सीझनला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी हे अमेरिकी टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं, तेव्हा मीही टीव्हीसमोर दोनचार शब्द बोललो, जे संपादक इथे छापणार नाहीत.

आता रागाचं मूळ. सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या ड्रॅगनवाल्या डेनेरिसने राजधानी किंग्ज लँडिंग जाळली, हे तुम्हाला खटकलं का? मला वाटतं, नाही. तिच्यात ती आग पहिल्यापासून होती. भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं गेलं तेव्हा तिने नजर हलवली नाही. मेरीन शहरात तिने गुलामांच्या १६३ धन्यांना सुळावर चढवलं. सातव्या सीझनमध्ये तिच्यापुढे न झुकणाऱ्या टार्ली बापलेकांना ड्रॅगनसमोर उभं केलं. लेखकांनी बी पेरलं नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. खटकतं ते हे की तिची जिवाभावाची मैत्रीण मिसान्डे हिचं डोकं आठव्याच्या चौथ्या भागात उडतं, आणि पाचव्या भागात, शहर शरण आल्याच्या घंटा वाजल्यावर, ही बाई गल्लीबोळातली पोरं जाळायला निघते. मधला प्रवास कुठे आहे? जिने गुलामांच्या साखळ्या तोडल्या ती आतून कशी फिरत गेली, हे बघायला आपण आठ वर्षं बसलो होतो. नेमकं तेच दाखवलं नाही.

मी कुडाळकडचा. जत्रेत दशावतार बघत वाढलो. मध्यरात्री आख्यान सुरू होतं, असुर मरणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. कारण असुराला आधी वर मिळायला हवा, मग तो माजायला हवा, देवांची दाणादाण उडायला हवी. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, पण हा क्रम कुणी मोडत नाही. आणि समजा, पुढच्या गावची सुपारी घेतलीय म्हणून एखाद्या कंपनीने रात्री दोनलाच असुर मारून पेटारे बांधायला घेतले, तर? लोक काय करतील ते तुम्हाला मी सांगायला नको.

इथे तेच झालं. पहिले सहा सीझन दहा दहा भागांचे, सातवा सातांचा, आठवा सहांचा. मालिका दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीची आणखी भाग करायची तयारी होती. थोडक्यात आवरायचं हे मालिकेचे कर्तेधर्ते बेनिऑफ आणि वाइस या जोडीने ठरवलं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांची घोषणाही होऊन गेली होती. सुपारी! (पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी तेही सोडलं, तो भाग वेगळा.) त्यात ज्यांच्या कादंबऱ्यांवर मालिका बेतली त्या मार्टिन यांची पुस्तकं पाचवर थांबलेली. शेवटाचा ढोबळ आराखडा त्यांनी या दोघांना सांगितला होता, पण तिथवर जायची वाट यांनाच काढायची होती. ती काढायला वेळ लागतो. मालिकेच्या पहिल्याच भागात राजाला उत्तरेचा विंटरफेल किल्ला गाठायला महिना लागतो. सातव्यात गेन्ड्री हा गडी मदत मागायला उत्तरेच्या सीमेवरच्या भिंतीपर्यंत धावतो, निरोप घेऊन कावळा डेनेरिसच्या ड्रॅगनस्टोन बेटावर पोचतो, ती ड्रॅगन घेऊन हजर होते, आणि हे सगळं एका भागात.

ब्रॅनबद्दल तुमच्या बाजूने एक पुरावा देतो. ब्रॅनइतकी चांगली गोष्ट कुणाची आहे, असं डेनेरिसचा जुना सल्लागार टिरियन विचारतो आणि सगळे सरदार माना डोलावतात. हा ब्रॅन पाचव्या सीझनमध्ये एकदाही दिसत नाही! शिवाय राजा कोण हे ठरवतोय कोण, तर हाच टिरियन, हातात बेड्या असलेला कैदी. टिरियनचा भाऊ जेमी, त्याचं तर बोलायलाच नको, इतकी वर्षं खर्चून सुधारलेला माणूस एका रात्रीत घोड्यावर बसून परत बहिणीकडे, म्हणजे राणी सर्सीकडे.

आठव्याचा तिसरा, काळोखातल्या लढाईचा भाग तुम्ही सकाळच्या उजेडात मोबाइलवर पाहिलात, म्हणजे काचेत स्वतःचंच तोंड दिसलं असेल. वाईट वाटून घेऊ नका. पडदे ओढून मोठ्या टीव्हीवर बघणाऱ्यांनाही फारसं काही दिसलं नव्हतं, आणि छायालेखक फेबियन वॅग्नर म्हणाले की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही.

भाच्याला थांबवू नका. सहाव्याला थांबवलंत तर तो रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन सातवा-आठवा एकट्याने बघेल, आणि भांडायला शेजारी मावशी नसेल. शिवाय आठव्याचा दुसरा भाग त्याने चुकवू नये. लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीपाशी जेमी ब्रिएन या लढवय्या बाईला ‘नाइट’ ही योद्ध्याची पदवी देतो, तिच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास येतो आणि मग ते हसू. त्या भागात कुणालाच कुठे जायची घाई नाही. हेच लोक असंही लिहू शकत होते, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

फक्त आधीपासून तोंड वाकडं करून बसू नका. “पुढे बघ काय माती करतात ते” हे वाक्य महिनाभर गिळायचं. डेनेरिस घंटा ऐकते तिथे त्याला काय वाटलं ते आधी त्याच्याकडून ऐका. कदाचित त्याला पटेल. सगळे भाग सलग बघणाऱ्याला ती घाई आपल्याइतकी बोचत नसावी, असा माझा अंदाज आहे. आपण सातव्या आणि आठव्याच्या मध्ये दीड वर्षाहून जास्त वाट बघितली होती आणि तेवढ्या काळात डोक्यात आपापला शेवट रचून ठेवला होता.

आणि तो पुस्तकं मागायला लागला तर खुशाल द्या, पण पाचव्यानंतर सहाव्याची वाट बघावी लागते हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पुढचं पत्र त्याचं येईल, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.