आरएक्सला बुलेटचा २४ चा कार्ब टाकलाय. पाव रेसला गळा धरते, घाट उतरल्यावर सीझ झाली. मेन जेट कितीचा टाकू?

तुमच्या आरएक्सला, म्हणजे यामाहाच्या टू-स्ट्रोक गाडीला, दोन आजार आहेत आणि मेन जेट (कार्बमधून फुल रेसला जाणारं पेट्रोल मोजणारं पितळी भोक) हे त्यातल्या एकाचंच औषध आहे. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे पोर्टिंग केलेला (आतल्या वाटा घासून मोठ्या केलेला) सिलिंडर, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर), फोम फिल्टर आणि बुलेटवरून काढलेला २४ मिमीचा मिककार्ब कार्बुरेटर. नाशकात पाव ते अर्ध्या रेसला गुदमरते, पुढे जोरात पळते. मुंबईला जाताना कसारा उतरून शहापूरच्या सपाटीवर फुल रेसमध्ये जाम झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला (सीझ). पाव ते पाऊण रेस हा कार्बमधल्या सुईचा प्रांत, त्याच्या वर मेन जेटचा. दोन्ही वेगळे हाताळायचे.

पण जेटला हात लावण्याआधी हवा कुठून चोरून शिरतेय का ते बघा. आयडलवर गाडी चालू ठेवून मॅनिफोल्डचं (कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं) रबर आणि रीड व्हॉल्व्हच्या पॅकिंगच्या कडेने कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. इंजिन गरम असतं, म्हणून थेंबभरच, आणि चेंबरपासून लांब. आवाज बदलला की तिथे गळती आहे. रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लावत असतील तर मॅग्नेटोमागचं डाव्या बाजूचं ऑइल सील संशयित. उजवं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल ओढून पांढरा धूर येतो, त्यामुळे ते लगेच कळतं. डावं मात्र गुपचूप मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) करतं आणि पिस्टन खातं. सील गेलेल्या इंजिनावर जेटिंग करणं म्हणजे वेळ आणि पेट्रोल दोन्ही वाया.

आता बुलेटच्या कार्बची खरी अडचण. तो फोर-स्ट्रोकसाठी बनलेला आहे. त्याच्या नीडल जेटच्या, म्हणजे सुई ज्या पितळी नळीत खालीवर होते तिच्या, अंगावर हवेची बारीक छिद्रं असतात. टू-स्ट्रोकच्या बहुतेक मिकुनींमध्ये ही छिद्रं नसतात आणि नळीच्या वरच्या तोंडाला अर्धगोल आडोसा असतो. नळी चुकीची असेल तर मधल्या रेसला मिश्रण कधीच जुळत नाही, मेन जेट कितीही बदला. नळी बाहेर काढून उजेडात धरा; छिद्रांची रांग दिसली तर टू-स्ट्रोकची नळी आणि तिच्या जोडीची सुई घ्या. ती मिळत नसेल तर माझं स्पष्ट मत: टू-स्ट्रोकचाच २४ चा कार्ब घ्या. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत कुठलाही लेथवाला मॅनिफोल्डचा ॲडॅप्टर करून देईल, फक्त आतलं भोक कार्बच्या भोकाशी पायरी न पडता जुळलं पाहिजे.

गुदमरणं लीनमुळे की रिचमुळे (पेट्रोल जास्त) हे ओळखायला चोक पुरतो. गळा धरतेय त्या क्षणी चोक किंचित ओढा. सुधारली तर लीन, अजून बिघडली तर रिच. रिच टू-स्ट्रोक एकाआड एक फायर सोडते, घरघरते. सुईच्या डोक्याशी पाच खाचा असतात, वरून मोजायच्या. क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई वर, म्हणजे रिच. मधल्या खाचेपासून सुरुवात करा. ग्रिपवर आणि हाउसिंगवर पांढरी टेप लावून शून्य, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, कारण चालवताना हाताला अर्धी वाटणारी रेस बऱ्याचदा पावच असते.

त्याआधी पायलट, म्हणजे आयडलच्या मिश्रणाची बाजू, लावून घ्या. दहा मिनिटं गाडी गरम करून एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर. तिथून थोडा आत-बाहेर करत आयडल सर्वांत वर जाईल तिथे थांबा. ती जागा एका फेरीच्या आत आली तर पायलट जेट छोटा आहे, अडीचच्या बाहेर गेली तर मोठा. फ्लोटही (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) तपासा: कार्ब उलटा धरला असता फ्लोटची पत्ती बॉडीच्या कडेला समांतर हवी.

आता मेन जेट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. शहापूरच्या पट्ट्यात हवा बरीच दाट मिळते. समुद्रसपाटीपर्यंत उतरलात तर ५-६ टक्के, आणि तेवढ्याने मिश्रण साधारण ३ टक्के लीन होतं. त्यात पंपावरचं ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट, म्हणजे जुनं जेटिंग आपसूकच आठेक टक्के लीन. वर चेंबर आणि मोकळा फिल्टर. नाशकात काठावर चालणारी गाडी खाली जाऊन जाम होणारच.

म्हणून आत आहे त्यापेक्षा १५-२० नंबर मोठा जेट टाकून सुरुवात करा. फुल रेसला घरघरली पाहिजे. घरघरली नाही तर अजून मोठा. मग २.५ च्या पायरीने खाली या आणि घरघर नुकती जाईल तिथे थांबा. त्याखाली जाऊ नका. खात्री करायला नवा प्लग लावून चढाच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला फुल रेस द्या, आठ-दहा सेकंदांनी क्लच आणि चावी एकदम बंद. प्लगमध्ये टॉर्च मारून पोर्सिलिनच्या अगदी बुडाशी बघा: फिकट तपकिरी कडं हवं. ई२० वर रंग नेहमीपेक्षा फिकाच येतो. चकचकीत पांढरा आणि त्यावर करड्या ॲल्युमिनियमचे ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय, तिथेच थांबा. जेट मूळचेच घ्या. ड्रिल मारून मोठा केलेला किंवा डुप्लिकेट जेट असेल तर त्यावरच्या नंबराला काही अर्थ उरत नाही. डिसेंबरात निफाडकडे पहाटे चालवणार असाल तर एक पायरी मोठा ठेवा, थंड हवाही दाट असते.

सीझचा संशय ऑइल पंपावरही आहे. रेसची केबल पुढे दोन फाटे होऊन कार्ब आणि ऑटोल्यूब पंपाला (इंजिनात आपोआप ऑइल सोडणाऱ्या पंपाला) जाते. कार्ब बदलला की स्लाइडची (रेसबरोबर वरखाली होणाऱ्या झडपेची) चाल बदलते आणि पंपावरची खूण जुळत नाही. ती पुन्हा जुळवा. पंप काढून पेट्रोलात ऑइल मिसळणार असाल तर लिटरला २५ ते ३० मिली, आणि ऑइलचं जुनं भोक घट्ट बंद करा, नाहीतर तिथूनच हवा ओढेल. ऑइल वाढवलं तर तेवढंच पेट्रोल कमी जातं, म्हणजे पुन्हा लीन.

आणि कसारा उतरताना रेस पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी लांबवर सोडू नका. आरपीएम चढलेले असतात, पण पेट्रोलबरोबर आत जाणारं ऑइल जवळपास थांबलेलं असतं. दर काही सेकंदांनी क्लच दाबून रेसचा एक झटका द्या.