खेड्यात राहून, गावाच्या नजरेसमोर दारू सोडता येते का?

तुम्ही लिहिले आहे की वय २४ आहे, सकाळी उठल्याबरोबर देशी लागते, सोडायची मनापासून इच्छा आहे. घरचे म्हणतात की पंढरपूरला जाऊन माळ घाल, फक्त चुलत्यांना सारे माहीत आहे, आणि गावात बोभाटा झाला तर लग्न जमणार नाही, ही धास्ती आहे. मी माळशिरस तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी आहे आणि अकरा वर्षांपूर्वी नेमका याच अवस्थेत होतो, म्हणून लिहितो आहे.

माळ घालण्याला मी कमी लेखत नाही. आज ती माझ्या गळ्यात आहे. माझी चूक झाली ती क्रमाची. दशमीच्या रात्री शेवटची प्यालो, कार्तिकी एकादशीला चंद्रभागेत स्नान करून माळ घातली आणि दारू एकदम तोडली. त्याच संध्याकाळी हात इतके थरथरू लागले की चहाची बशी ओठांपर्यंत जाईना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, अंगावरचा सदरा घामाने भिजला. द्वादशीला पहाटे धार काढताना गोठ्यातच मला झटका आला. शुद्धीवर आलो तेव्हा चरवी लवंडून दूध शेणात मिसळले होते, शेजारचे काका माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसले होते आणि आई कपाळाला अंगारा लावत होती. माळ घालून मनात खोट ठेवली म्हणून पांडुरंग कोपला, असे गर्दीतले कोणीतरी बोलले, आणि ते बोलणे मला झटक्याहून जास्त लागले. दिवस मावळायच्या आत मी पुन्हा प्यालो होतो.

पांडुरंग कोपला नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या गुंगीची सवय झालेली असते. ती अचानक तुटली की मेंदू बेफाम होतो. साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम आणि उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊन ते भ्रमिष्टासारखे वागू लागतात. ही शेवटची अवस्था जिवावर बेतू शकते, आणि आपल्याकडे नेमकी तिलाच बाहेरची बाधा समजून माणसाला भगताकडे नेले जाते. म्हणून डॉक्टरांची भेट होईपर्यंत दारू एकदम तोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. ते क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या, मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देऊन काही दिवसांत त्या कमी करत नेतात आणि थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात. मला हे उपचार दुसऱ्या खेपेस मिळाले आणि तेव्हा एकही झटका आला नाही. भाजीत गुपचूप कालवायच्या पुडीला मात्र घरच्यांना हात लावू देऊ नका. अशा पुडीत डायसल्फिरामसारखे, दारूबरोबर घेतले की त्रास देणारे औषध असू शकते; ते पोटात असताना नकळत दारू घेतली गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ते घ्यायचेच असेल, तर तुमच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

शरीर सावरले की खरी लढाई मनाची उरते. त्यासाठी काही आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहता आले तर फार बरे. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले, आणि तेथे खेड्यापाड्यांतूनही माणसे येतात. १४४४६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर जवळच्या केंद्राची चौकशी करता येते. जेथे मारहाण करतात किंवा साखळीने बांधतात, तेथे एक रात्रही राहू नका.

आता बोभाट्याविषयी. खेड्यात पिणे लपत नाही. तुमच्या पायांची चाल पाहून टपरीवाल्यालाही ते कधीच कळलेले असते. लपून राहण्यासारखे उरते ते फक्त सोडणे, आणि आपण नेमके तेच लपवतो. मीही सुरुवातीला लपवले. परिणाम असा झाला की सातव्या महिन्यात एका मित्राच्या वरातीत कोणीतरी नेहमीच्या प्रेमाने ग्लास पुढे केला आणि मला नाही म्हणता आले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे परत गेलो, आणि त्यानंतरच्या एकादशीला देवळातले भजन संपल्यावर उभा राहून सर्वांना सांगितले की मी दारू सोडतो आहे, मला कोणी आग्रह करू नये. काही जण हसले. पण पुढच्या गटारीला त्याच मित्राने मला पाहून स्वतःहून बाटली मागे सारली. माळ मी तेव्हा पुन्हा घातली. या खेपेला ती टिकली, कारण अख्खे गाव तिच्यावर लक्ष ठेवून होते.

लग्नाच्या वेळी मुलीच्या वडिलांना मी पहिल्याच बैठकीत सारे सांगितले. दोन ठिकाणी नकार आला, तिसऱ्या ठिकाणी आला नाही. लपवून जमलेले लग्न मोडताना मी गावात पाहिले आहे, त्यामुळे त्या दोन नकारांचे मला आजही वाईट वाटत नाही.

चुलत्यांना माहीत आहे, हे तुमच्या प्रश्नातले मला सर्वांत मोलाचे वाटले. दवाखान्यात त्यांनाच सोबत न्या. शेवटची कधी प्यालात, दिवसाला किती लागते आणि यापूर्वी कधी झटका आला होता का, हे तीन प्रश्न डॉक्टर विचारतील. आपण लाजून निम्मे सांगतो, म्हणून उत्तर देताना चुलत्यांना शेजारी बसवा.