वीस मिलिसेकंदांचा रतीब

प्रश्न : एलटीईवरच्या (४जी) व्होल्टे कॉलसाठी, म्हणजे डेटा-पॅकेटांतून जाणाऱ्या फोन कॉलसाठी, सेमी-पर्सिस्टंट शेड्युलिंग, म्हणजे एसपीएस, वापरता येतं असं अभ्यासक्रमात आहे. त्याने नेमकी बचत कशाची होते? — विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हुकुमांची, म्हणजे कोणत्या फोनने कधी आणि कुठल्या जागेत पाठवायचं वा घ्यायचं हे सांगणाऱ्या टॉवरच्या संदेशांची. डेटाच्या जागेची नव्हे.

बोलणं चालू असताना कोडेक (आवाजाचे बिट करणारा भाग) दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट देतो. एएमआर-वाइडबँड या कोडेकच्या १२.६५ केबीपीएस दराला त्यात आवाजाचे २५३ बिट असतात, म्हणजे ३२ बाइट. त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपीचे हेडर चढतात : आयपीव्ही४ वर ४० बाइट, आयपीव्ही६ वर ६०. मालापेक्षा गोणी जड. आरओएचसीने (हेडर आकसवणारी पद्धत) हेडर ३-४ बाइटांवर आणले की सगळं मिळून ३२८ बिटांच्या ट्रान्सपोर्ट ब्लॉकमध्ये (एका वेळी पाठवायच्या गठ्ठ्यात) मावतं. एमसीएस (मॉड्युलेशन-कोडिंगची पायरी; वरची असेल तर त्याच जागेत बिट जास्त) १० असेल तर त्याला दोन रिसोर्स ब्लॉक (रेडिओच्या जागेचे तुकडे) पुरतात, ७ असेल तर तीन. १० मेगाहर्ट्झच्या सेलमध्ये दर मिलिसेकंदाला असे ५० ब्लॉक असतात.

पण डायनॅमिक शेड्युलिंगमध्ये, म्हणजे दर वेळी नव्याने जागा देण्याच्या पद्धतीत, एवढ्याशा पॅकेटलाही दर वेळी पीडीसीसीएचवर (हुकूम नेणारं चॅनेल) वेगळा हुकूम लागतो. या सेलमध्ये त्या चॅनेलला तीन सिम्बॉल (मिलिसेकंदाचे छोटे भाग) दिले तरी सुमारे ४० सीसीई (हुकूम भरायचे कप्पे) हाती येतात. टॉवरजवळच्या फोनला हुकुमासाठी १ सीसीई पुरतो, कडेच्याला ८ लागतात. सरासरी ४ धरा : एका सबफ्रेममध्ये (एक मिलिसेकंद) दहा हुकूम, पाच अपलिंकचे (फोनकडून टॉवरकडे), पाच डाउनलिंकचे (टॉवरकडून फोनकडे). वीस सबफ्रेममध्ये शंभर बोलणारे झाले की हुकूम संपले, आणि ५० पैकी जेमतेम १५ ब्लॉक भरलेले. पुनर्प्रेषण आणि इतरांचा डेटा यात धरलेलाच नाही.

एसपीएस म्हणजे दुधाचा रतीब. रोज चिठ्ठी पाठवायची नाही. आरआरसी (टॉवर आणि फोनमधली जोडणी ठरवणारा थर) आधी अंतर (इथे २० सबफ्रेम) आणि एसपीएस सी-आरएनटीआय हा वेगळा क्रमांक देऊन ठेवते. मग त्या क्रमांकाने स्क्रॅम्बल केलेला एकच हुकूम येतो, त्यातला एनडीआय (डेटा नवा की जुना हे सांगणारा बिट) ०, आणि तेच ब्लॉक दर विसाव्या सबफ्रेमला त्या फोनचे. डाउनलिंकच्या पुनर्प्रेषणाला मात्र दर वेळी वेगळा हुकूम, एनडीआय १ ठेवून. रतीब चुकून सुरू होऊ नये म्हणून अपलिंकच्या हुकुमात टीपीसीचे (प्रेषणशक्तीचे) दोन बिट, सायक्लिक शिफ्टचे (संदर्भ-सिग्नलच्या सरकणीचे) तीन आणि एमसीएसचा पहिला बिट शून्यच हवा. त्यामुळे एमसीएस १५ च्या वर जात नाही; आवाजाचं त्यावाचून काही अडत नाही.

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या संचावर अपलिंक एसपीएस सुरू होतं, पण बोलणारा गप्प झाला तरी ब्लॉक सुटत नाहीत. इम्प्लिसिट रिलीज (ओळीने किती रिकाम्या जागांनंतर ब्लॉक आपोआप सोडायचे तो आकडा) ८ वर आहे. — प्राध्यापक, नाशिक

उत्तर : त्या आठातच गोम आहे. शांततेत एएमआर कोडेक दर १६० मिलिसेकंदांनी एक एसआयडी फ्रेम (पार्श्वभूमीच्या आवाजाचं छोटं वर्णन) पाठवतो. ऐकणाऱ्याला लाइन मेल्यासारखी वाटू नये म्हणून. १६० भागिले २० म्हणजे ८. दोन एसआयडींच्या मध्ये रिकाम्या जागा सातच. फोन ओळीने आठ रिकामे मॅक पीडीयू (आत डेटा नसलेले गठ्ठे) मोजायला बसतो, आठव्या जागी एसआयडी येते, मोजणी पुन्हा शून्यावर. रतीब कधीच बंद होत नाही.

पर्याय २, ३, ४ आणि ८ एवढेच आहेत. ३ किंवा ४ ठेवा. २ नको : बोलणं थांबल्यावर पहिल्या एसआयडीनंतरची दुसरी तिसऱ्या फ्रेमला येते, मध्ये दोन रिकाम्या जागा. म्हणजे ती पोचण्याच्या तोंडावरच ब्लॉक सुटतात. रतीब सुटल्यावर एसआयडीला आणि पुन्हा बोलणं सुरू होताना पहिल्या पॅकेटला शेड्युलिंग रिक्वेस्ट (फोनने टॉवरकडे जागा मागण्याचा संदेश) पाठवावी लागेल, म्हणून तिचं अंतर १० मिलिसेकंदांवर आणा. नाहीतर वाक्याचं पहिलं अक्षर उशिरा पोचतं.

शिवाय कॉल जोडल्या जोडल्या एसपीएस चालू करू नका. आरओएचसीची सुरुवातीची पॅकेट पूर्ण हेडरसकट येतात, ३२८ बिटांत मावत नाहीत. आरएलसी (पॅकेट तोडणारा-जोडणारा थर) त्यांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा पुढच्या २० मिलिसेकंदांची वाट बघतो. हेडर आकसेपर्यंत डायनॅमिक ग्रँटच (दर वेळचे वेगळे हुकूमच) द्या.

प्रश्न : बँड ४० च्या टीडीडीवर (अपलिंक-डाउनलिंक एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने) अपलिंकची पुनर्प्रेषणं पुढच्या नव्या पॅकेटवर आदळतात. एफडीडीवर (दोघांना वेगळी फ्रिक्वेन्सी) हाच त्रास का होत नाही? — अभियंता, पुणे

उत्तर : एफडीडीत पुनर्प्रेषण ८ मिलिसेकंदांनी होतं : ८, १६, २४, ३२, ४०. विसाच्या पाढ्याशी गाठ पडते ती थेट पाचव्याला. टीडीडीच्या कॉन्फिगरेशन २ मध्ये (अपलिंक-डाउनलिंक सबफ्रेमच्या ठरलेल्या मांडण्यांपैकी एक) हेच चक्र १० मिलिसेकंदांचं, त्यामुळे दुसरंच पुनर्प्रेषण नेमकं २० वर. त्यासाठी टू इंटर्व्हल्स कॉन्फिग (दोन अंतरं आलटून पालटून वापरण्याची सोय) चालू करा. सबफ्रेम २ पासून सुरुवात असेल तर एक आड एक जागा ५ सबफ्रेम पुढे सरकते, आणि अंतरं २५, १५, २५, १५ अशी पडतात. टक्कर मग चौथ्या पुनर्प्रेषणापर्यंत टळते. त्या बदल्यात एक आड एक पॅकेट ५ मिलिसेकंद जास्त ताटकळतं.